तुमचं काल्पनिक प्रजासत्ताक आणि एडनमधली ती खोली

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. तुमच्या कादंबरीतला देश काल्पनिक आहे. परकी सत्तेला हाकलून एक क्रांतिकारी पक्ष सत्तेवर येतो, बाकीचे पक्ष मोडीत काढतो आणि वीस-पंचवीस वर्षांत ते प्रजासत्ताक कोसळतं. चढण तुम्हाला जमली आहे, उतरण जमत नाही. परकी हेरांचं कारस्थान, लाचखाऊ अध्यक्ष, भुकेल्या जनतेचा उठाव असे तीन शेवट लिहून पाहिलेत आणि तिन्ही ओढूनताणून आणल्यासारखे वाटतात. मग अशी राजवट प्रत्यक्षात कोसळते तरी कशी?

ते तसे वाटतात, कारण तिन्हींत पक्षाच्या बैठकीची खोली कुठेच नाही. हेर सीमेपलीकडून येतात, जनता रस्त्यावरून येते, लाच कंत्राटदाराकडून येते. पण एकच पक्ष असलेल्या राज्यात देशातली सगळी भांडणं शेवटी त्या एका खोलीत येऊन कोंडतात, आणि तिथे हरलेल्या माणसाला उठून सुखरूप घरी जाता येत नाही. माझ्या मते तुमच्या अडचणीची मेख इथे आहे. ती समजावून सांगायला मला एका खऱ्या देशाची गोष्ट सांगावी लागेल.

मी पश्चिम आशियाचा आधुनिक इतिहास तीसेक वर्षं शिकवला. त्यातली बरीच वर्षं एका छोट्याशा देशाने घेतली, तो म्हणजे दक्षिण येमेन. ३० नोव्हेंबर १९६७ला जन्मला, २२ मे १९९०ला नकाशावरून गेला. अरब जगातलं ते एकमेव मार्क्सवादी राज्य. उणीपुरी साडेबावीस वर्षं. तुमच्या कादंबरीचा काळ जवळपास तेवढाच आहे, म्हणून हेच उदाहरण घेतो.

त्याची राजधानी एडन. मराठी वाचकाला हे नाव परकं नाही. १८३९च्या जानेवारीत इंग्रजांनी एडन घेतलं ते मुंबई सरकारच्या वतीने, आगबोटींना कोळसा भरायला ठाणं हवं म्हणून. पुढे १९३२पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्याखाली होता आणि १९५१पर्यंत तिथल्या बाजारात रुपया चालत होता. वासुदेव बळवंत फडक्यांना पाठवलं ते याच एडनच्या तुरुंगात. फेब्रुवारी १८८३मध्ये कोठडीचं दार बिजागऱ्यांतून उचकटून ते निसटले, पकडले गेले आणि अन्नत्याग करून १७ फेब्रुवारीला तिथेच वारले. ज्या साम्राज्याविरुद्ध ते लढले, त्याच साम्राज्याला चौऱ्याऐंशी वर्षांनी त्या गावातून गाशा गुंडाळावा लागला.

आता तुमच्या पहिल्या भागाबद्दल. तुम्ही लिहिलंय की क्रांती एका पक्षाने केली. तसं क्वचितच होतं. एडनमध्ये इंग्रजांविरुद्ध दोन आघाड्या होत्या. एक राष्ट्रीय मुक्ती आघाडी, जिने १४ ऑक्टोबर १९६३ला रदफानच्या डोंगरात बंड सुरू केलं. दुसरी इजिप्तच्या नासेर यांच्या पाठिंब्यावर उभी असलेली. या दोघींनी इंग्रजांवर गोळ्या झाडल्या आणि एकमेकींवरही झाडल्या. १९६७च्या पावसाळ्यात, म्हणजे आपल्याकडच्या पावसाळ्यात, कारण एडनला पाऊस कसला, अरब सैनिकांनी आणि पोलिसांनी बंड केलं आणि क्रेटर हा जुना भाग दोन आठवडे इंग्रजांच्या हातून गेला. क्रेटर म्हणजे अक्षरशः विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात वसलेली वस्ती. ऑगस्ट-सप्टेंबरात आतल्या मुलखातले सुलतान एकामागून एक पडले. नोव्हेंबरात सैन्य मुक्ती आघाडीच्या बाजूने गेलं तेव्हा दुसरी आघाडी संपली. इंग्रज अजून शहरात होते. म्हणजे एकपक्षीय राजवट स्वातंत्र्याच्या आधी तयार झाली, आणि ती मतपेटीतून नव्हे, सोबत लढलेल्यांना गोळ्या घालून. ज्यांनी ते केलं त्यांना त्यातून एक धडा मिळाला: मतभेद असा मिटतो. तो धडा ते कधी विसरले नाहीत. तुमच्या पहिल्या भागात हा प्रसंग घाला, शेवटाचं निम्मं काम तिथेच होईल.

त्यानंतर पहिल्या दिवशीची तिजोरी दाखवा. कादंबरीकार झेंडावंदन दाखवतात आणि पुढच्या प्रकरणात दहा वर्षं उडी मारतात. तसं करू नका. १९५०च्या दशकाच्या अखेरीस एडन जगातल्या सर्वांत गजबजलेल्या बंदरांत गणलं जात होतं. सुएझमार्गे जाणारी जहाजं इथे तेल भरत, उतारू खाली उतरून घड्याळं आणि रेडिओ विकत घेत, आणि इंग्रजी फौजेच्या तळावर हजारो माणसं पोट भरत. जून १९६७च्या अरब-इस्रायल युद्धात सुएझ बंद झाला तो जून १९७५पर्यंत उघडलाच नाही. म्हणजे स्वातंत्र्याच्या जवळपास सहा महिने आधी बंदर ओस पडलं, आणि स्वातंत्र्याबरोबर तळही गेला. नव्या सरकारला मिळालं काय, तर रिकामे धक्के, ब्रिटिश पेट्रोलियमची एक तेल शुद्धीकरण फॅक्टरी आणि आत मैलोन्‌मैल डोंगर-वाळवंट, जिथे शेती करण्यासारखी जमीन अगदी थोडी. पहिले अध्यक्ष कहतान अल-शाबी दीड वर्ष कसंबसं चालवू शकले.

२२ जून १९६९ला पक्षातल्या डाव्या गटाने त्यांना हटवलं. त्या घटनेचं सरकारी नाव होतं ‘दुरुस्तीचं पाऊल’. ही भाषा नीट ऐका, तुम्हाला संवाद लिहायला उपयोगी पडेल. अशा राजवटीत सत्तापालट हा शब्द कुणी उच्चारत नाही. दुरुस्ती होते, शुद्धी होते, विचलनाचा पराभव होतो. सगळे एकमेकांना ‘रफीक’ म्हणतात, म्हणजे कॉम्रेड, सोबती.

नोव्हेंबर १९६९मध्ये परकी बँका, विमा कंपन्या, बंदरातल्या सेवा आणि बड्या व्यापारी पेढ्या सरकारने ताब्यात घेतल्या. तेल फॅक्टरीला मात्र हात लावला नाही, कारण ती चालवता आली नसती. ती १९७७मध्ये घेतली. १९७०मध्ये देशाचं नाव ‘येमेन लोकशाही जनप्रजासत्ताक’ झालं. जमीन सुधारणा आली, आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला शेतकऱ्यांनी, पक्षाच्याच चिथावणीने, जमीनदारांच्या शेतात घुसून ताबे घेतले. १९७२मध्ये भाड्याची घरं सरकारजमा झाली. माअल्ला भागात इंग्रज फौजींच्या कुटुंबांसाठी बांधलेल्या लांबच लांब रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींत एडनची कुटुंबं राहायला गेली. तिजोरीत पैसा नाही म्हणून पगार कापले, आणि ‘पगारकपात हे कर्तव्य आहे’ अशी घोषणा देत मोर्चे निघाले. मोर्चातले सगळे मनापासून ओरडत होते असं मी म्हणणार नाही. पण काही नक्कीच मनापासून ओरडत होते, आणि तुमच्या कादंबरीत अशी माणसं नसतील तर वाचक शेवटाला हळहळणार नाही.

याच काळात बंदरावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले भारतीय व्यापारी निघून गेले. एडनमध्ये एक पारशी अग्यारी होती. तिथला पवित्र अग्नी १९७६मध्ये एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला आणला आणि तिथून लोणावळ्याला नेला. तो आजही तिथे तेवत आहे. पेटता अग्नी विमानातून नेणं ही काय साधी गोष्ट आहे! एखाद्या शहरातून एक समाज कसा उठून जातो हे दाखवायला यापेक्षा चांगलं चित्र मला माहीत नाही.

राजवटीने केलेली चांगली कामं लिहिताना हात आखडू नका. १९७४चा कुटुंब कायदा घ्या. मुलीचं लग्नाचं किमान वय १६, मुलाचं १८. नवऱ्याने तीनदा म्हटलं की घटस्फोट, हा प्रकार बंद. दुसऱ्या लग्नावर कडक बंधनं. नवऱ्याने बायकोला द्यायच्या मेहेरला १०० दिनारांची मर्यादा. कायदा होण्याआधी त्याच्या मसुद्यावर गावोगाव सभा झाल्या. कोर्टात स्त्रिया न्यायाधीश म्हणून बसल्या, त्या द्वीपकल्पात आधी कुणी पाहिलं नव्हतं ते. खाट नावाच्या झाडाची नशा आणणारी पानं चघळण्याचं व्यसन आठवड्याच्या सुट्टीपुरतं मर्यादित केलं. साक्षरतेचे वर्ग निघाले. पुण्यात शिकवत असताना माझ्या वर्गात येमेनी विद्यार्थी असायचे. त्यातल्या एका मुलाची आई अशाच वर्गात मोठेपणी लिहायला शिकलेली. तिने त्याला पाठवलेली पत्रं तो मला दाखवायचा. मोठी, ठळक, ओळीवर नीट बसवलेली अक्षरं, पाटीवर गिरवून शिकलेल्या माणसाची. तो म्हणायचा, ‘सर, पक्षाला लोक काहीही म्हणोत, ही अक्षरं पक्षाने दिली.’ त्या मुलाकडे मी पुन्हा येणार आहे.

आणि आता प्रांतांचे आकडे. सुलतानांच्या आणि टोळ्यांच्या जुन्या निष्ठा पुसून टाकायच्या म्हणून स्वातंत्र्य मिळताच देशाचे सहा प्रांत पाडले आणि त्यांना नावं न देता क्रमांक दिले. पहिला प्रांत एडन, दुसरा लाहेज, तिसरा अबियन, चौथा शबवा, पाचवा हदरामौत, सहावा महरा. कागदावर सगळे सारखे. तुमच्या देशात असंच काही करा. वाचकाला पहिल्यांदा ते स्वच्छ आणि आधुनिक वाटेल. पण कागदावरून पुसलेलं नाव माणसाच्या जिभेवरून जात नाही. पक्षातल्या नेत्याला जेव्हा स्वतःच्या जिवाची खात्री वाटेना, तेव्हा त्याने भरवशाची माणसं आणली कुठून? गावाकडून. अध्यक्षाचे पहारेकरी अबियनचे, सैन्यातले अधिकारी लाहेज प्रांतातल्या अद-दाली आणि रदफानचे. निवडणूक नाही, दुसरा पक्ष नाही, वर्तमानपत्र नाही, तेव्हा माणसाला आधार फक्त आपल्या मुलखाचा. ज्या गोष्टीवर बंदी घातली, तिच्याशिवाय कुणाचंच चालेना. १९८०च्या सुमारास प्रांतांना पुन्हा नावं मिळाली, पण तोवर खोलीतल्या प्रत्येक खुर्चीमागे एक एक डोंगर उभा राहिला होता.

मी सुरुवातीला म्हटलं की हरलेल्याला घरी जाता येत नाही. क्रमाने बघा. पहिले अध्यक्ष कहतान अल-शाबी १९६९मध्ये हरले. १९८१मध्ये मरेपर्यंत नजरकैदेत राहिले. त्यांचे आप्त आणि पंतप्रधान फैसल अल-शाबी १९७०मध्ये कोठडीत मारले गेले. त्यानंतर अध्यक्षीय मंडळाचे प्रमुख झाले सालेम रुबाय अली. लोक त्यांना लाडाने सालमीन म्हणत. ते शेतकऱ्यांत मिसळणारे, चीनकडे झुकलेले. त्यांच्या समोर पक्षाचे सरचिटणीस अब्दुल फत्ताह इस्माईल, सिद्धांताचा माणूस, मॉस्कोकडे बघणारा, मूळचा शेजारच्या उत्तर येमेन या वेगळ्या देशाचा. २४ जून १९७८ला उत्तर येमेनचे अध्यक्ष अल-घश्मी यांच्या दालनात एडनहून आलेल्या दूताच्या हातातली ब्रीफकेस फुटली आणि दोघेही ठार झाले. ती ब्रीफकेस नक्की कुणी भरली यावर आजही वाद आहे. दोन दिवसांत एडनमध्ये गोळीबार झाला, सालमीन पकडले गेले आणि त्याच दिवशी त्यांना देहदंड दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरात येमेनी समाजवादी पक्ष रीतसर स्थापन झाला.

मग अब्दुल फत्ताह अध्यक्ष झाले. एप्रिल १९८०मध्ये त्यांनी प्रकृतीचं कारण देऊन राजीनामा दिला आणि मॉस्कोला गेले. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं: पंतप्रधान अली नासेर मुहम्मद आणि संरक्षणमंत्री अली अंतर यांनी हात मिळवून त्यांना बाहेर काढलं होतं. या देशातल्या सगळ्या हारांमध्ये ही सर्वांत सौम्य हार. आणि गंमत नाही, दुःखाची गोष्ट अशी की पुढचा रक्तपात याच सौम्यपणामुळे शक्य झाला, असं अली नासेर यांना वाटलं असणार. कारण जिवंत सोडलेला माणूस परत आला.

अली नासेर यांच्या हातात अध्यक्षपद, पक्षाचं सरचिटणीसपद आणि पंतप्रधानपद अशी तिन्ही पदं होती. त्यांना एकदम खलनायक करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. ते व्यवहारी होते. शेजाऱ्यांशी भांडण कमी केलं, ओमानशी संबंध जोडले, छोट्या खासगी व्यापाराला थोडी मोकळीक दिली. दुकानांत माल आला. त्याबरोबर पक्षातल्या काहींच्या घरी नवी मोटार, नवा बंगलाही आला, आणि कोण कुठल्या गावचा हे त्यात मोजलं जाऊ लागलं. अली अंतर यांना संरक्षण खात्यातून हलवलं तेव्हा ते बिथरले. १९८०मध्ये ज्यांना त्यांनी घालवलं, त्याच अब्दुल फत्ताह यांच्या बाजूला ते गेले. १९८५मध्ये अब्दुल फत्ताह मॉस्कोहून परतले.

आता जून १९८५चा एक ठराव. तुमच्या कादंबरीत जसाच्या तसा उतरवावा असा आहे. पॉलिटब्युरोने, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च मंडळाने, ठरवलं की पक्षांतर्गत मतभेद मिटवण्यासाठी जो हिंसेचा आधार घेईल तो गुन्हेगार आणि देशद्रोही समजला जाईल. असा ठराव का करावा लागतो? कारण खोलीतला प्रत्येक माणूस मनातल्या मनात तेच मोजत असतो. त्या ठरावाला सात महिनेही झाले नव्हते. मधे ऑक्टोबरात पक्षाचं अधिवेशन झालं, अब्दुल फत्ताह पुन्हा पॉलिटब्युरोत आले, मतांचं पारडं अली नासेर यांच्या विरुद्ध झुकू लागलं. दुसऱ्या कुठल्याही देशात याचा अर्थ एवढाच झाला असता की हा माणूस पद सोडील आणि विरोधी बाकावर बसेल. इथे विरोधी बाकच नव्हता.

१३ जानेवारी १९८६, सोमवार, सकाळी पॉलिटब्युरोची बैठक. पुढे वाचलेल्यांनी सांगितलेल्या हकिकती साधारण अशा आहेत. सदस्य टेबलाभोवती बसले आहेत. अली नासेर यांची गाडी आवारात उभी, म्हणजे साहेब आलेच. त्यांचा एक पहारेकरी त्यांची ब्रीफकेस घेऊन येतो, नेहमीप्रमाणे खुर्चीशी ठेवायला. दुसऱ्याच्या हातात चहाचा थर्मास. कुणी मान वर करून बघतही नाही, हे रोजचंच. ब्रीफकेस आणणारा छोटी मशीनगन काढतो आणि अली अंतर यांच्यावर चालवतो. अली नासेर स्वतः तिथे नव्हतेच. खोलीत अली अंतर, संरक्षणमंत्री सालेह मुस्लिह कासिम आणि अली शाय हादी पडले. अब्दुल फत्ताह आणि अली सालेम अल-बीद वाचले. एडन रेडिओवर जाहीर झालं की कट उधळला, चौघांना देहदंड दिला, आणि त्या चौघांत अब्दुल फत्ताह यांचंही नाव होतं, जे त्या क्षणी जिवंत होते. पुढच्या धुमश्चक्रीत ते गेले. त्यांचा मृतदेह कधी सापडला नाही.

या प्रसंगात थर्मास सोडू नका. तुम्ही सध्या शेवटात रणगाडे लिहिलेत, ते येतीलच, पण ते दुसऱ्या दिवशी येतात.

बारा-तेरा दिवस शहर धडधडत होतं. नौदल, हवाई दल, रणगाड्यांच्या तुकड्या, सगळं दोन्हीकडे वाटलं गेलं. इंग्लंडच्या राणीची ब्रिटानिया ही नौका त्या बाजूने चालली होती, तिने किनाऱ्यावरून परदेशी नागरिकांना उचललं. रशियनांनाही पळावं लागलं. त्यांच्या लाडक्या मित्रराष्ट्रात काय शिजतंय हे त्यांनाही कळलं नव्हतं. आणि पंतप्रधान हैदर अबू बक्र अल-अत्तास त्या दिवशी होते आपल्या दिल्लीत, अधिकृत दौऱ्यावर. आपलं मंत्रिमंडळ स्वतःवरच गोळ्या झाडतंय ही बातमी त्यांना परदेशी पाहुणा म्हणून ऐकावी लागली. ते तिथून मॉस्कोला गेले आणि महिनाअखेरीच्या आत देशाचे हंगामी अध्यक्ष झाले. मी कादंबरीकार असतो तर एक अख्खं प्रकरण दिल्लीतल्या त्या माणसाच्या डोळ्यांतून लिहिलं असतं.

मेले किती? अंदाज चार हजारांपासून दहा हजारांपर्यंत आहेत, आणि देशाची लोकसंख्या होती वीस-पंचवीस लाख. सुमारे साठ हजार माणसं अली नासेर यांच्याबरोबर उत्तरेत पळाली. नाक्यानाक्यावर बंदूकधारी ओळखपत्र मागत. त्यावर जन्मस्थान लिहिलेलं असे. अबियन असेल तर एका नाक्यावर मरण, अद-दाली किंवा लाहेज असेल तर दुसऱ्या नाक्यावर. ज्या क्रांतीने गावांची नावं पुसून आकडे लिहिले होते, तिच्याच कार्डावरची ती एक ओळ वाचून माणसं भिंतीशी उभी केली जात होती.

माझ्या त्या विद्यार्थ्याचे वडील अबियनचे, आई लाहेजची. वडील त्याच जानेवारीत एका ट्रकमधून उत्तरेला गेले, आई धाकट्यांना घेऊन एडनलाच राहिली. एकाच घरातल्या दोन माणसांना एकाच नाक्यावरून जाता येत नव्हतं. मुलगा तेव्हा शाळेत. त्याला आठवत होतं ते एवढंच की आईने वडिलांचं ओळखपत्र चुलीत घातलं, आणि घातल्यावर तिला रडू आलं ते वडील गेले म्हणून की कार्डावरची अक्षरं ती स्वतः वाचू शकली म्हणून, हे त्याला मोठा झाल्यावरही ठरवता आलं नाही. चार वर्षांनी, देश एक झाल्यावर, वडील परत आले.

तुम्ही विचाराल, मग हेच कोसळणं का? प्रजासत्ताक त्यानंतरही चार वर्षं चाललं. पण खोलीत आता कोण उरलं होतं? पक्षाचे सर्वांत अनुभवी नेते मेलेले किंवा पळालेले. जिंकलेल्यांना लोक ‘तुगमा’ म्हणत, हरलेल्यांना ‘जुमरा’. दोन्हींचा अर्थ जवळपास एकच, टोळकं. अली नासेर यांना गैरहजेरीत देहदंडाची शिक्षा सुनावली. नवं नेतृत्व रक्तात भिजून वर आलं होतं, त्याला कुणाला सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग सोव्हिएत मदत आटू लागली. तुमच्या मसुद्यात मॉस्कोने हात काढला म्हणून देश पडतो. खरं म्हणजे आतून पोखरलेल्या घराची ती शेवटची टेकू होती, आणि म्हणून ती काढल्याचा आवाज एवढा मोठा आला. ३० नोव्हेंबर १९८९ला उत्तरेचे अध्यक्ष अली अब्दुल्ला सालेह एडनला आले, आता पक्षाचे सरचिटणीस असलेल्या अल-बीद यांच्याबरोबर एकीकरणाचा करार झाला, आणि सहा महिन्यांत दक्षिण येमेन उरलं नाही. लोकसंख्येने चार-पाचपट मोठ्या शेजाऱ्यात ते विरघळलं.

पुढचं मी भरभर सांगतो, कारण तुमची कादंबरी बहुधा इथे थांबेल. १९९३च्या निवडणुकीत समाजवादी पक्ष तिसऱ्या क्रमांकावर गेला. मे १९९४मध्ये युद्ध पेटलं, अल-बीद यांनी दक्षिण पुन्हा वेगळी जाहीर केली, ७ जुलैला एडन पडलं. उत्तरेच्या फौजेबरोबर एडनवर चाल करून आले कोण? १९८६मध्ये तिथून पळालेले दक्षिणेचेच अधिकारी. त्यांचा म्होरक्या अब्द रब्बो मन्सूर हादी, तो पुढे उपाध्यक्ष आणि २०१२मध्ये येमेनचा अध्यक्ष झाला. १९७४चा कुटुंब कायदा त्याआधीच, १९९२मध्ये, गेला होता. मागाहून दक्षिणेच्या हजारो अधिकाऱ्यांना आणि कारकुनांना सक्तीने घरी बसवलं गेलं.

म्हणून पडझड लिहिताना असं करून बघा. पहिल्या भागात ज्यांना हरवलं, त्यांचं काय झालं हे प्रत्येक वेळी वाचकाला दाखवा: नजरकैद, कोठडी, मॉस्कोचं विमान. कुणी मोठ्याने काही बोलू नये, फक्त पुढच्या माणसाने ते पाहिलेलं असावं. तुमचा अध्यक्ष दुष्ट नको, मतं मोजणारा हवा. त्याला कळू द्या की पुढच्या बैठकीत आपण दोन मतांनी हरणार. मग त्याला एक रात्र द्या. त्या रात्री त्याने आधीच्या अध्यक्षांची नुसती यादी आठवली तरी पुरे, बाकी वाचक स्वतः करील. आणि त्याचा पहारेकरी गावाकडचा, बहुधा चुलतभाऊ, ज्याला वाटतं की आपण फक्त आपल्या माणसाचा जीव वाचवतोय. त्याच्या बाजूने ते खरंच असतं.

शेवटच्या पानाबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, तरी एक सांगतो. १३ जानेवारी २००६ला, बरोबर वीस वर्षांनी, एडनमध्ये रदफानच्या लोकांच्या एका सेवाभावी संस्थेच्या जागेत अबियनचे, अद-दालीचे, लाहेजचे, शबव्याचे लोक एकत्र बसले. ज्यांनी एकमेकांच्या भावांना नाक्यावर मारलं होतं ते. त्यांनी त्या तारखेला ‘क्षमा आणि समेट’ असं नाव दिलं. सरकारने लगेच ती संस्था बंद केली. पुढच्या वर्षी सक्तीने निवृत्त केलेले अधिकारी पेन्शन मागत रस्त्यावर आले तेव्हा तुगमा आणि जुमरा दोन्हींतले म्हातारे एकाच रांगेत उभे होते, आणि त्यांच्या हातात ज्या देशाचा झेंडा होता तो देश सतरा वर्षांपूर्वीच संपला होता.